भाजलेले खांब

लहानथोरांनो, ज्या काळाचं साल कुणी मांडून ठेवलं नाही, अशा एका काळी दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक गाव होतं. गावाला लागून नदी वाहत होती. अलीकडे घरं होती, पलीकडे शेतं होती. घरून शेतात जायचं तर एकच वाट होती, आणि ती लाकडी पुलावरून जात होती.

पूल बारा खांबांवर उभा होता. खांब नदीच्या गाळात रोवलेले, त्यांच्यावर लांब तुळया, आणि तुळयांवर फळ्या. भरलेली बैलगाडी जाईल एवढा तो रुंद होता. पावसाळ्यात नदी फुगली की होडी घालायची कुणाची छाती होत नसे. पूल होता म्हणून माणसं भात लावायला पलीकडे जात, आणि पूल होता म्हणून भात घरी येई.

त्या खोऱ्यात साग उगवत नव्हता. उगवत होता तो हेदू. हेदूचं झाड उंच आणि सरळ. लाकूड पिवळसर, रंध्याखाली लोण्यासारखं. पण ओलीला ते फार कच्चं. म्हणून पुलाचे खांब पाच-सहा वर्षांनी बदलावे लागत, आणि दर खेपेला बारा मोठी झाडं पडत. म्हाताऱ्या माणसांना आठवत होतं की त्यांच्या लहानपणी हेदूचं रान गावाच्या पाठीशीच होतं. आता तिथवर जायला अर्धा दिवस लागत होता.

हा पूल बांधण्याचं काम निंबाजी सुताराच्या घराण्याकडे होतं.

निंबाजीसारखा सुतार त्या खोऱ्यात दुसरा नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची सगळी विद्या लाकूड वाळवण्यात होती. झाड तो थंडीत पाडायचा. साल लगेच सोलायचा. ओंडके चौकोनी करून छपराखाली रचायचा, जमिनीपासून हातभर उंच. दोन थरांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवायचा, म्हणजे वारा प्रत्येक लाकडाला चारी बाजूंनी शिवेल. टोकांना शेणमाती लिंपायचा, कारण टोकं आधी वाळतात आणि उकलतात. उन्हात एकही लाकूड ठेवायचा नाही. असेच दोन पावसाळे जाऊ द्यायचा. मग लाकडाचा एक छिलका काढून गालाला लावायचा. छिलका गार लागला तर लाकडात अजून पाणी आहे म्हणायचा, आणि आणखी चार महिने हात लावायचा नाही.

"उन्हात वाळवलेलं लाकूड चिडकं होतं," तो म्हणे. "सावलीत वाळवलेलं शहाणं होतं."

त्याने केलेली दारं कधी फुगली नाहीत. त्याने चढवलेली आढी कधी वाकली नाहीत. फक्त पुलाचे खांब तेवढे कुजत. त्याबद्दल कुणी विचारलं तर तो म्हणे, "तो नदीचा स्वभाव आहे. नदीला मी वाळवू शकत नाही."

लोक हसत आणि मान डोलवत.

त्याच गावात धोंडाई नावाची एक कुंभारीण राहत होती. नवरा गेल्यावर आवा तिनेच चालवला. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. तिच्या आव्याच्या अंगणात चार खांबांचं एक छप्पर होतं. छपराखाली माती भिजवायचा खड्डा होता, त्यामुळे तिथली जमीन बारा महिने ओली असे. चारही खांब हेदूचे. त्यांतले तीन खांब धोंडाईने आपल्या हयातीत तीनदा बदलले होते. चौथा मात्र सासऱ्याच्या वेळेपासून उभाच होता.

धोंडाईच्या मनात एकदा आलं की हा एकटाच कसा टिकला?

तिने त्याच्या बुडाची माती उकरली. विळ्याने त्याचा एक तुकडा काढला. लाकूड आतपर्यंत तपकिरी झालं होतं, भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखं. नाकाशी धरलं तर गुळाच्या पाकाचा पुसट वास आला. बोटाने ठोकलं तर पक्क्या मडक्यासारखा आवाज. मग तिच्या लक्षात आलं. हा खांब आव्याच्या पोटाला चिकटून होता. तो जळाला कधीच नव्हता, पण गेली चाळीस वर्षं दर आव्याला थोडा थोडा भाजत आला होता.

त्याच महिन्यात नव्या पुलासाठी चावडीवर गाव जमलं. कुठली बारा झाडं पाडायची ते ठरवायचं होतं. बोलणं संपत आलं तेव्हा धोंडाई उभी राहिली. हातात तो तुकडा होता.

"निंबाजीदादा, एक विचारू का?" ती म्हणाली. "तुम्ही लाकूड दोन वर्षं वाळवता. गाळात रोवल्यावर ते कोरडं राहतं का?"

"गाळात कोरडं कसं राहील?" निंबाजी म्हणाला.

"मग पहिल्याच पावसाळ्यात सगळं पाणी परत पीत असेल."

धोंडाईने हातातला तुकडा पुढे केला.

"वाळलेलं लाकूड म्हणजे उपाशी माणूस, दादा. पुढ्यात आलं की खाणारच. माझ्या आव्याजवळचा हा खांब बघा. चाळीस वर्षं ओलीत उभा आहे, पण याची तहानच गेली आहे. आगीने गेली आहे. पुलाचे खांब रोवायच्या आधी भाजून बघितले तर?"

निंबाजीच्या कपाळाला आठी पडली. ज्या चावडीवर त्याच्या बापाला मान होता, तिथे एक कुंभारीण त्याला लाकूड शिकवत होती.

"धोंडाई," तो म्हणाला, "आग ही लाकडाची वैरीण. चुलीत घातलेल्या लाकडाची राख होते, खांब होत नाही. तू आपली मडकी भाज. हवं तर पूलही मडक्यांचा बांधू आपण!"

चावडी हसली. पाटीलही हसले. धोंडाईने तो तुकडा निंबाजीसमोर ठेवला आणि ती घरी गेली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. सगळे गेल्यावर निंबाजीने तो तुकडा उचलला. नखाने खरवडला. कानाशी धरून ठोकला. ओलीत राहिलेल्या हेदूचा आवाज कसा असतो ते त्याला चांगलं माहीत होतं, आणि हा आवाज तसा नव्हता. हे त्याला कळलं. पण चावडीवरचं हसू त्याच्या कानात अजून गोड वाजत होतं. त्याने तुकडा भुशाच्या ढिगात टाकला आणि करवतीला धार लावायला बसला.

झाडं पडली, लाकूड वाळलं आणि दोन वर्षांनी नवा पूल बांधला गेला. खांब सरळ होते, सांधे घट्ट होते. चार वर्षं गेली. त्यांतली तीन वर्षं जबर पावसाची होती.

चौथ्या वर्षी, कापणी झाल्यावर, हिरोजी नावाचा गाडीवान भाताच्या पेंढ्यांनी भरलेली गाडी घेऊन पलीकडून निघाला. हिरोजी तिशीतला, धिप्पाड, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्याच्या बैलांना पूल इतका ओळखीचा होता की तो कासरा सैल सोडून गाणं म्हणत यायचा. आदल्याच आठवड्यात निंबाजीने पुलावरून चालत जाऊन खांब पाहिले होते. वरून ते धडधाकट दिसत होते.

गाडी मधोमध आली आणि सातवा खांब गेला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. खांब खालून मऊपणे मोडला, तुळई निसटली, आणि गाडी, बैल, माणूस असं सगळं नदीत गेलं. एक बैल पोहून काठाला लागला. दुसरा जुवाखाली अडकून मेला. हिरोजीचा उजवा पाय चाकाखाली आला होता. माणसांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता आणि बैलाचं नाव घेत होता.

हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या, पण गुडघ्याखालचं हाड जागेवर बसलं नाही. हिरोजी पुन्हा गाडी हाकू शकणार नव्हता. गावाचं निम्मं भात पलीकडच्या काठावर अडकलं. त्यातलं बरंचसं रानडुकरांनी खाल्लं. त्या हिवाळ्यात कितीतरी घरांत चूल दिवसातून एकदाच पेटत होती.

पाणी ओसरल्यावर निंबाजी नदीत उतरला आणि त्याने मोडलेल्या खांबाचं थोटूक उपटून काठावर आणलं. वरचा भाग टणक होता. गाळात खोल गेलेला भागही टणक होता. पण जिथे गाळ, पाणी आणि हवा एकत्र येत होती, तिथे हातभर लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं झालं होतं. त्याने अंगठा दाबला. अंगठा पेरापर्यंत आत गेला. त्याने एकेक करत बाकीचे अकरा खांब पाहिले. सगळ्यांची कथा तीच होती.

तिथून तो थेट हिरोजीच्या घरी गेला. हिरोजी बाजेवर पडला होता. त्याच्या बायकोने निंबाजीला बसायला पाट दिला, पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"हिरोजी," निंबाजी म्हणाला, "खांब वरून चांगले दिसत होते रे."

"दिसत असतील," हिरोजी म्हणाला. "मीही रोज बघत होतो. मलाही चांगलेच दिसत होते."

"मग माझं चुकलं कुठे?"

हिरोजी आढ्याकडे बघत बोलला. "त्या दिवशी चावडीवर मी होतो, निंबाजीदादा. धोंडाईने तुकडा आणला होता. तुम्ही म्हणालात मडक्यांचा पूल बांधू. त्यावर सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो." त्याने मान वळवली. "दिसण्यात तुमची चूक नाही. ऐकण्यात आहे. माझीही आहे. पण पाय माझा गेला."

निंबाजीने पाट बाजूला सारला. तो उठला. दारातच हिरोजीच्या बायकोने त्याला थांबवलं आणि ती एवढंच म्हणाली, "पुढचा पूल तरी असा बांधा, की दुसऱ्या कुणाच्या बायकोला नदीकाठी धावायला लागू नये."

दुसऱ्या दिवशी निंबाजीने स्वतः दवंडी पिटवून गाव चावडीवर बोलावलं. तो नेहमीसारखा पाटलांच्या शेजारी बसला नाही. उभा राहिला.

"सहा वर्षांपूर्वी मी इथे धोंडाईला हसलो," तो म्हणाला. "तुम्ही हसलात ते माझं बघून. पण तुमच्यात आणि माझ्यात एक फरक आहे. तुम्हाला लाकडातलं कळत नाही. मला कळतं. तुम्ही गेल्यावर तो तुकडा मी ठोकून पाहिला. ती खरं बोलते आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तो भुशात टाकला. हिरोजीचा पाय नदीने मोडला नाही. माझ्या ताठ्याने मोडला."

कुणीतरी धोंडाईकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्या क्षणाची चव घेतली असती. पण धोंडाईला सकाळचा आवा उघडायचा होता आणि तिला उशीर होत होता.

"मी चार मडकी भाजणारी बाई," ती म्हणाली. "बारा हातांचा खांब कसा भाजतात ते मला कुठे येतं? मी एवढंच म्हटलं होतं की भाजून बघू. निंबाजीदादा, उद्या एक लाकूड घेऊन या. बघू काय होतं ते."

निंबाजी दुसऱ्याच दिवशी लाकूड घेऊन गेला. घाईघाईत तो ताजा तोडलेला हेदूचा ओंडकाच घेऊन गेला. धोंडाईने तो आव्यात घातला. थोड्या वेळाने आतून शिट्टीसारखा आवाज आला, मग फटाफट फुटण्याचा. बाहेर काढला तेव्हा ओंडका टोकापासून टोकापर्यंत उभा चिरला होता.

धोंडाई कमरेवर हात ठेवून त्या चिरांकडे पाहत राहिली, आणि मग हसली.

"हसलीस का?" निंबाजीने विचारलं. त्याला वाटलं, आता आपली पाळी आली.

"अहो, मडक्याचंही हेच होतं! ओलं मडकं आव्यात घातलं की आतलं पाणी वाफ होऊन ते फोडतं. म्हणून तर आम्ही मडकी आधी वाळवतो. सावलीत. सावकाश. उन्हात ठेवली तर तडकतात."

निंबाजी तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे माझी दोन वर्षं वाया नाही गेली?"

"वाया कशी जातील? ती नसती तर पुढचं होणारच नाही. तुम्ही वाट अर्ध्यावर सोडत होता, एवढंच."

छपराखाली निंबाजीकडे दोन पावसाळे वाळलेली लाकडं होती. त्यांतलं एक त्यांनी उघड्या जाळावर धरलं. ते बाहेरून कोळसा झालं आणि आतून कच्चंच राहिलं. मग धोंडाईने सुचवलं, की जाळ लागू द्यायचाच नाही, फक्त धग लागू द्यायची. त्यांनी जमिनीत लांब चर खणला, लाकूड मातीच्या कवचात बंद केलं आणि बाजूने मंद आग ठेवली. वारा आत जाऊ दिला नाही. वारा गेला तर लाकूड पेट घेतं, हे धोंडाईला आव्यामुळे माहीत होतं.

पहिलं लाकूड त्यांनी जास्त वेळ ठेवलं. ते काळं निघालं, आणि निंबाजीने दगडावर आपटताच त्याचे खापरासारखे तुकडे झाले. दुसरं लवकर काढलं, ते फक्त पिवळ्याचं थोडं लाल झालं होतं. माप सापडायला त्यांना पाच महिने लागले. शेवटी त्यांनी ते वासावर बसवलं. आधी ओल्या भुशाचा वास येतो. मग आंबट वास येतो, त्याने डोळे चुरचुरतात. मग गोड, गुळासारखा वास येतो. तो गोड वास कडवट व्हायला लागायच्या आत आग विझवायची आणि लाकूड आतल्या आत थंड होऊ द्यायचं. धोंडाईचं नाक आणि निंबाजीचा कान, दोन्ही लागत होते. तिने वास ओळखायचा, त्याने थंड झालेलं लाकूड ठोकून आतलं सांगायचं.

इकडे गाव कुरकुरायला लागलं होतं. नदीवर बांबूचा एक अरुंद साकव टाकला होता. त्यावरून माणूस जाई, गाडी जात नसे. सगळं भात डोक्यावरून आणावं लागत होतं.

पाटील निंबाजीकडे आले. "निंबाजी, पुरे झाले खेळ. बारा हेदू पाडू आणि नेहमीसारखा पूल बांधू. पाच वर्षं तर टिकेल."

"चारच टिकला, पाटील."

"मग भाजलेले खांब लाव आणि मोकळा हो. भाजून तर झाले ना?"

"काही झाले. पण ते टिकतात हे मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. धोंडाईचा एक खांब टिकला, तेवढ्यावर मी सगळं गाव पुलावर चढवणार नाही."

त्याने तीन तुकडे घेतले. एक ताज्या लाकडाचा, एक दोन वर्षं वाळवलेला, एक वाळवून भाजलेला. धोंडाईच्या माती भिजवायच्या खड्ड्याच्या काठावर, जिथे जमीन कधी सुकत नसे, तिथे ते तिन्ही अर्धे अर्धे पुरले आणि वर दोन पावसाळे जाऊ दिले. त्या दोन वर्षांत गावाने त्याला बरंच काही ऐकवलं. डोक्यावर भारा घेऊन साकवावरून येणाऱ्या बाया त्याच्या दारापुढे मुद्दाम मोठ्याने सुस्कारे टाकत. कुणीतरी त्याला कुंभार म्हणायला लागलं. निंबाजी खाली मान घालून खांब भाजत राहिला. एका फटक्यात सगळ्यांना गप्प करील असा शब्द त्याच्याकडे पूर्वी नेहमी असायचा. आता तो शोधत नव्हता.

दुसरा पावसाळा संपला आणि तिन्ही तुकडे सगळ्या गावादेखत उपटले. ताज्या लाकडाचा तुकडा अर्धाच हाती आला, बाकीचा मातीत माती झाला होता. वाळवलेला तुकडा अख्खा आला, पण जमिनीच्या रेषेशी त्यात पांढरी बुरशी शिरली होती आणि नख रुतत होतं. भाजलेला तुकडा हिरोजीच्या हातात दिला. हिरोजी कुबडी घेऊन आला होता. त्याने तो कुबडीच्या टोकाने ठोकला. खणखणीत आवाज आला.

"लावा," हिरोजी म्हणाला.

आता गावाला भाजलेल्या लाकडाचं वेड लागलं. जे काल कुरकुरत होते, तेच आज म्हणू लागले की आढी भाजा, दारं भाजा, नांगर भाजा. पाटील म्हणाले, "पुलाच्या तुळयाही भाजूनच घाला. सगळा पूल एकदमच अमर होऊ द्या." आणि धोंडाईलाही ते पटलं.

"भाजू या की, दादा," ती म्हणाली. "हात बसला आहे आता."

निंबाजीने मान हलवली. "नको. खांबाला नुसतं उभं राहायचं असतं. तुळईला वाकावं लागतं. गाडी आली की ती थोडी दबते, गाडी गेली की परत वर येते. भाजलेलं लाकूड कुजत नाही, पण मला वाटतं ते वाकणारही नाही. आग त्याची तहान नेते, तसा लवचीकपणाही नेते."

"वाटतं की माहीत आहे?"

"वाटतं," निंबाजी म्हणाला. "म्हणून पाहू या."

दोन दगडांवर दोन तुळया आडव्या ठेवल्या, एक नुसती वाळवलेली आणि एक भाजलेली. दोन्हींवर सारखीच दगडांची रास चढवत नेली. वाळवलेली तुळई कण्हली, खाली आली, आणि दगड काढल्यावर हळूहळू पुन्हा सरळ झाली. भाजलेली तुळई मुळीच कण्हली नाही. ती शेवटच्या दगडापर्यंत ताठ राहिली आणि मग कसलीही सूचना न देता कडकन मोडली.

जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. त्या तुळईवर गाडी असती तर काय झालं असतं, ते कुणाला सांगावं लागलं नाही.

धोंडाईने मोडलेल्या टोकावरून हात फिरवला. "इथे माझी आग संपली," ती म्हणाली. "तुळया तुम्ही तुमच्या पद्धतीने करा, दादा. त्यांच्यावर पावसाचं पाणी साचू नये एवढं बघा. त्या जमिनीत नाहीत, वाऱ्यावर आहेत. वाळतील."

तिला हे शिकायला एक तुळई लागली. निंबाजीला एक पूल लागला होता.

नवा पूल बांधला तो असा. खांब वाळवून भाजलेले, आणि भाजल्याने जोर थोडा कमी होतो म्हणून पूर्वीपेक्षा चार बोटं जाड. तुळया सावलीत वाळवलेल्या, न भाजलेल्या. फळ्यांच्या मध्ये बोटभर फट, म्हणजे पाणी थांबायचं नाही. पुलाची राखण हिरोजीकडे दिली. दर पावसाळा संपला की तो होडीतून प्रत्येक खांबापाशी जाई, खांब वरून बघत नसे, गाळाच्या रेषेशी कुबडीने ठोके. तुळयांपैकी एखादीचा आवाज बदलला की निंबाजीला हाक मारी, आणि ती बदलली जाई. खांब मात्र बदलावे लागले नाहीत. पाच वर्षं गेली, दहा गेली, वीस गेली. दोनदा महापूर आले. तेच बारा खांब उभे होते.

बारा झाडं पाडायची वेळ आली नाही, म्हणून हेदूचं रान डोंगरावरून हळूहळू खाली उतरायला लागलं. ज्या वर्षी धोंडाई गेली, त्या वर्षी पहिली रोपटी गावाच्या पाठीमागच्या उतारावर दिसू लागली होती.

निंबाजी तिच्यामागे आणखी सात वर्षं जगला. त्याचं नाव दूरवर झालं. लांबलांबचे सुतार त्याच्याकडे लाकूड शिकायला येत. तो त्यांना वाळवायला शिकवी, भाजायला शिकवी, आणि शिकवून झालं की प्रत्येकाला एक काम सांगे. घरी जाताना गावातल्या अशा एका माणसाला गाठा, ज्याने आयुष्यात कधी रंधा धरलेला नाही. त्याला आपलं काम दाखवा आणि विचारा, 'यात मला काय दिसत नाही?' मग तो बोलेल ते पुरतं ऐकल्याशिवाय तोंड उघडू नका. पुष्कळांना हे काम करवतीपेक्षा अवघड वाटे. ज्यांनी ते केलं, त्यांनी बांधलेल्या पुलांवरून त्या मुलुखातली माणसं पुढे कितीतरी पिढ्या निर्धास्त ये-जा करत राहिली.

बोध: आपल्या विद्येची शीव कुठे आहे हे जो ओळखतो आणि तिच्यापलीकडचा आवाज ऐकतो, त्याचंच काम टिकतं.